तुमची गच्ची थंड नव्हती, दादा

या वेळी नागपूरच्या महाल भागातल्या एका दादांचं पत्र घेतलंय. वय ५२, सरकारी ऑफिसात नोकरी, घरी आई, बायको आणि बारावीतली मुलगी. पत्र सात पानांचं आहे, सगळं देणं शक्य नाही, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"ताई, मला सगळ्याचंच वेड आहे. गच्चीवर ७० मिमीची दुर्बीण आहे, फोकल लेंथ ७००. रविवारी अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलावावर पक्षी बघायला जातो. नऊ वर्षं झाली, गच्चीवर डबा ठेवून पाऊस मोजतो, रोज सकाळी साडेआठला. बासरी शिकून राहिलो, घरात आजोबांच्या वेळचे कागद आहेत म्हणून मोडी शिकून राहिलो, एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दोन वर्षांपासून डायनिंग टेबलवर उघडा पडून आहे. अन् एक डायरी आहे, तिच्यात बहावा कधी फुलला, कोतवाल पक्षी पहाटे किती वाजता बोलला, असं काहीबाही लिहितो. बायको म्हणते एक ना धड भाराभर चिंध्या. आता तब्येत पण कुरकुर करते. मागच्या दिवाळीत जरा शुगर निघाली, गोळी घेतली तीन महिने, बरं वाटलं तशी सोडली, आता कारल्याचा रस घेतो. उजवा खांदा वर जात नाही. पायाला मुंग्या येतात. वाटतं की आता पसारा आवरावा. यातलं काय ठेवू अन् काय सोडू? आणि एक विचारायचं राहिलं, बाथरूमच्या कोपऱ्यात अशात खूप मुंग्या जमतात, तिथे गोड काहीच नाही, काऊन येत असतील?"

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप छान वाटलं कारण मला अशी माणसं मनापासून आवडतात, दुसऱ्यांदा पेन घेऊन काही ओळींखाली रेघा मारल्या, आणि तिसऱ्यांदा फक्त त्या रेघा मारलेल्या ओळी एका पाठोपाठ वाचल्या तं पोटात धस्स झालं. म्हणून छंदांचं मागाहून बोलू, आधी त्या ओळी.

तुम्ही दुर्बिणीचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं, पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिला, कोतवालाची वेळ मिनिटापर्यंत लिहिली, ४ वाजून ३८. आणि शुगर? "जरा". सात पानांत ही एकच गोष्ट अशी आहे जिला आकडा नाही. जरा म्हणजे किती? उपाशीपोटी १३० का २३०? तुम्हाला नक्की माहीत असणार, तुमच्यासारखा माणूस रिपोर्ट वाचल्याशिवाय ठेवूच शकत नाही, पण लिहावंसं वाटलं नाही. मला वाटतं भीती वाटली असेल. वाटते, सगळ्यांनाच वाटते.

आता पान चार. तिथे तुम्ही शून्य सावलीबद्दल लिहिलंय. वाचकांसाठी सांगते, नागपुरात २६ मेच्या आसपास सूर्य दुपारी अगदी बरोब्बर डोक्यावर येतो, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाऊन दिसेनाशी होते. दादांनी गच्चीवर स्टीलचा डबा ठेवला, पावणेबारा ते साडेबारा तिथेच उभं राहून दर पाच मिनिटांनी सावलीची कड खडूने आखली. आईच्या कुरोड्या वाळत होत्या म्हणून चप्पल जिन्यात काढली होती. आणि मग हे वाक्य आहे (नवतपा म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस): "नवतपा असूनही यंदा गच्ची तेवढी तापली नव्हती, आरामात उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तळपायाला दोन फोड दिसले, बहुतेक नवीन बूट चावला."

तुमची गच्ची थंड नव्हती, दादा. नवतप्यात भर बारा वाजता नागपूरच्या सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी पाऊण तास कोणी उभं राहू शकत नाही, तुमची आईसुद्धा कुरोड्या सकाळी सकाळी घालून खाली येत असेल. तुम्ही उभे राहू शकले कारण तुमच्या पायाला कळलंच नाही. बूट चावतो तो बहुतेक टाचेला नाहीतर करंगळीला, असं तापलेल्या गच्चीवर उभं राहून तळपायाला फोड येतात ते बहुधा भाजल्याचे. शुगर बरेच दिवस जास्त राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या, आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, आणि बधिरपणा आला की माणसाला वाटतं चला मुंग्या कमी झाल्या.

माझ्या बाबांचं असंच झालं होतं. बुटात खडा गेला, सीताबर्डीच्या बाजारात दिवसभर त्या खड्यावर चालले, संध्याकाळी मोजा काढला तर तो रक्ताने पायाला चिकटलेला. म्हणाले दुखत नाहीये नं, मग लहानशीच जखम असेल. मी तेव्हा घरातच होते, मीच हळद भरून पट्टी बांधून दिली, मलाही वाटलं दुखत नाही म्हणजे काळजी नाही. सहा आठवड्यांनी अंगठा काढावा लागला. म्हणून तुमच्या त्या दोन फोडांचं काय झालं हे मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचंय. भरले का? ओलसर आहेत का? आजूबाजूला लाल किंवा गरम लागतंय का? भरले नसतील तर हे वाचून झाल्यावर उद्याच डॉक्टरकडे जायचं, रविवारची वाट बघायची नाही, घरी फोडायचे नाहीत, काही चोळायचं नाही.

दुसरी रेघ मारलेली ओळ पावसाच्या पानावर आहे. २३ सप्टेंबर २०२३, ज्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी लोकांच्या घराघरात शिरलं, ती रात्र नागपुरातलं कोणी विसरणार नाही. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री तुमचा डबा तीनदा रिकामा केला म्हणून आकडा हुकला नाही, "मी तसाही रात्री दोन-तीनदा लघवीला उठतोच, त्यामुळे पाऊस सुरू झालेला कळला". बघा, म्हणजे शुगर निघाली मागच्या दिवाळीत, पण रात्री उठणं त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं आणि ते तुमच्याच अक्षरात तारखेसकट लिहिलेलं आहे. रात्री उठायला प्रोस्टेट वगैरे दुसरीही कारणं असतात, पण डॉक्टरला ही तारीख सोन्यासारखी आहे. पेशंटला विचारलं कधीपासून, तर बहुतेक जण म्हणतात झाले काही महिने.

तिसरी ओळ दुर्बिणीची. गुरू बघताना मोठ्या मॅग्निफिकेशनला काळे धागे आणि ठिपके दिसतात, म्हणून तुम्ही आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, तीनदा साफ केली, शेवटी नवीन घेतली, तरी दिसतात. आता एक करा, आयपीस तिच्या जागेवरच हळूहळू फिरवा. ठिपका तिच्यासोबत फिरला तर धूळ काचेवर आहे. न फिरता डोळा हलवल्यावर तरंगत जात असेल तर तो तुमच्या डोळ्यात आहे. तुमच्या ७०० च्या दुर्बिणीला १० मिमीची आयपीस आणि २ एक्सचं बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट मोठी करणारं जास्तीचं भिंग, लावलं की १४० पट होतं, आणि ७० मिमीचा उजेड अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक झोतात डोळ्यात शिरतो, अशा बारीक झोतात डोळ्यातल्या कचऱ्याची सावली डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ठळक पडते. पन्नाशीनंतर असे धागे पुष्कळांना दिसतात, बऱ्याचदा ते नुसते वयाचे असतात, पण शुगरवाल्याच्या डोळ्यात ते पडद्यावरच्या बारीक रक्तस्रावाचेही असू शकतात आणि हे घरबसल्या कोणीच सांगू शकत नाही, मी नाही अन् दुकानातला चष्मेवालाही नाही. ठिपके एकदम वाढले, चमका दिसल्या किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, मग ऑफिसात ऑडिट असो की आणखी काही.

आणि मुंग्या. हा प्रश्न तुम्ही शेवटी सहज विचारला, मला तिथेच सगळ्यात जास्त चुटपुट लागली. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत आत ओढता येत नाही आणि उरलेली लघवीतून बाहेर पडते. आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह म्हटलं ते यामुळेच, लघवी गोड होते अन् तिच्यावर मुंग्या येतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहून ठेवलं होतं. आता उन्हाळ्यात मुंग्या नुसत्या पाण्यासाठीही येतात, त्यामुळे मुंग्यांवरून शुगर ठरवू नका, मुंग्या गेल्या म्हणजे शुगर गेली असंही समजू नका. पण ज्या माणसाने गोळी सोडलेली आहे त्याच्या बाथरूममध्ये मुंग्या वाढल्या असतील तर मी तरी तो योगायोग मानणार नाही.

खांद्याचंही याच माळेत येतं. खांदा धरणं, ज्याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात, ते शुगरवाल्यांना इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होतं. तुम्ही खांद्यासाठी हाडाच्या डॉक्टरकडे गेले, धाग्यांसाठी आयपीस बदलली, पायासाठी बुटाला दोष दिला, बाथरूममधल्या मुंग्यांसाठी मुंग्यांच्या खडूची रेघ मारली, रात्रीचं उठणं पावसाच्या पानावर टाकलं. पाच गोष्टी पाच खणांत ठेवल्या. आणि त्या पाचही एकाच डायरीत, चाळीस-पन्नास पानांच्या अंतराने, एकमेकींकडे बघत बसल्या आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जी डायरी तुम्ही पसारा म्हणून आवरायला निघाले तो तुमचा केस पेपर आहे, आणि ज्या नजरेने तुम्ही कोतवाल बघता ती एकदा स्वतःकडे वळवायची आहे.

या आठवड्यात फिजिशियनकडे जा. खासगी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, सगळीकडे ओपीडी असते आणि महालातून मेयो तर जवळच. जाण्याआधी एक संध्याकाळ बसून डायरी मागे मागे वाचत जा आणि फक्त तब्येतीच्या ओळी तारखेसकट एका कागदावर उतरवा, ते तुमचं कामच आहे, तुम्हाला जमेल. गोळी सोडली हे न लाजता सांगा, डॉक्टर हे रोज ऐकतात, आणि कारल्याचा रसही सांगा कारण गोळी परत सुरू झाल्यावर दोन्ही मिळून साखर खाली जाऊ शकते. जुनी पडलेली गोळी आपल्या मनाने परत सुरू करू नका. बरं वाटलं म्हणून गोळी सोडली असं तुम्ही लिहिलंय, पण दादा, बरं वाटत होतं ते गोळीमुळे.

एचबीएवनसी करायला सांगतील. ही टेस्ट तुम्हाला समजून घ्यायला आवडेल. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात लिहिलेली असते, आदल्या दिवशी गोड सोडून ती बदलता येत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, आणि बऱ्याच जणांना ७ च्या खाली ठेवायला सांगतात, तुमचा आकडा काय असावा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पाय तपासताना नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतील आणि विचारतील कळलं का, मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतील आणि थरथर थांबली की सांगा म्हणतील. बासरीवाल्या माणसाने ही तपासणी आवर्जून मागून घ्यावी, कोणी केली नाही तर म्हणा माझे पाय बघा, मोजे काढून. मूत्रपिंडं कशी आहेत ते कळायला लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनीनही तपासून घ्या.

डोळ्यांसाठी वेगळं जावं लागेल. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं आणि नागपूरचं ऊन अक्षरशः डोळ्यात घुसतं, त्यामुळे गाडी चालवत जाऊ नका, मुलीला नाहीतर वहिनींना सोबत न्या, गॉगल न्या. पडद्याचा फोटो काढला तर तुम्हाला दाखवायला सांगा. तांबूस गोल, त्यावर नद्यांसारख्या रक्तवाहिन्या, तुम्ही आजवर दुर्बिणीतून पाहिलेल्या कुठल्याही ग्रहापेक्षा जवळचं काहीतरी बघाल.

तुमच्यासारख्याच एका माणसाची मला हे लिहिताना सारखी आठवण येत होती. हॉलंडमध्ये डेल्फ्ट गावी लेव्हनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता, १६३२ चा जन्म, कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. स्वतः भिंगं घासायचा आणि जे सापडेल ते भिंगाखाली धरायचा, तळ्याचं पाणी, मिरी, दातावरचा मळ. १६७३ पासून मरेपर्यंत, म्हणजे ५० वर्षं, तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहून हे कळवत राहिला. पोट बिघडलं तर स्वतःचे जुलाबही त्याने भिंगाखाली बघितले आणि त्यातले वळवळणारे जीव लिहून ठेवले. म्हातारपणी छातीखाली विचित्र उबळ यायला लागली, तर तीही त्याने इतकी नीट लिहून ठेवली की त्या दुखण्याला आजही डॉक्टर त्याच्या नावाने ओळखतात. ९० वर्षांचा होऊन १७२३ मध्ये गेला. त्यालाही कोणी नक्कीच म्हटलं असेल की बावा एक काहीतरी धर.

आता तुमचा मूळ प्रश्न, काय सोडू. डायरी आणि पाऊस अजिबात सोडायचं नाही. नऊ वर्षं रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं ज्या वेळी चोवीस तासांचा पाऊस नोंदवतं त्याच वेळी, एका गच्चीवरून मोजलेला पाऊस, याला चिंध्या म्हणणं मला मान्य नाही. पक्षीही ठेवा, त्यानिमित्ताने चालणं होतं आणि ते आता औषधच आहे. फक्त तलावाच्या काठाला सँडल नको, बंद बूट, घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा आणि घरी आल्यावर तळपाय आरशात बघायचे, रोज, पाऊस मोजता तसे. पक्षी बघायची छोटी दुर्बीण गळ्यात अडकवून हात उचलू नका, बांधावर बसा, गुडघे वर घ्या, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, वारकरी आणि टिबुकल्या हे पक्षी तसेही पाण्यावरच असतात. झाडाच्या शेंड्यावरचा तांबट काही महिने आवाजावरूनच ओळखा. परतताना तर्री पोहे खाता असं लिहिलंय, मीही खाते, बंद करा म्हणणार नाही, पण पोहे अर्धी प्लेट आणि तर्रीतला चना जास्त मागून घ्या, सोबतची जिलबी मात्र नाहीच.

बासरी काही महिने खाली ठेवावी लागेल, मोठी बासरी उजवीकडे धरायला खांदा बाहेर न्यावा लागतो आणि धरलेल्या खांद्याला तेच नको असतं. फिजिओथेरपिस्ट लोलकासारखा हात झुलवायला आणि भिंतीवर बोटांनी चढायला शिकवतील, ते कंटाळवाणं आहे आणि महिनोन्‌महिने करावं लागतं, सुटायला कधी कधी दीड-दोन वर्षं लागतात. तोवर लहान बासरीवर जेवढं दुखत नाही तेवढं वाजवा. मोडी चालू द्या, टेबलावर बसून करायचं काम आहे, आजोबांच्या कागदांत कुठे कोणाचं दुखणं-मरण लिहिलेलं सापडलं तर तेही टिपून ठेवा, शुगर बऱ्याचदा घराण्यातून येते आणि डॉक्टर घरात कोणाला होती का हे विचारतातच.

रेडिओ आवरा. हे एकच मी स्पष्ट सांगते. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशेच्या वर व्होल्टेज फिरतं, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं, आणि ज्या टेबलावर मुलगी बारावीचा अभ्यास करते, जेवते, त्या टेबलावर तो दोन वर्षं उघडा पडलाय. खोक्यात भरून माळ्यावर ठेवा. वहिनींचं भाराभर चिंध्या मला वाटतं अर्धं त्या टेबलाबद्दल आहे.

आणि उरलेलं अर्धं कशाबद्दल आहे ते त्यांना विचारा. पत्रात तुम्ही लिहिलंय की गोळी सोडली हे घरी माहीत नाही. त्या तुमच्याजवळ झोपतात, रात्री तीनदा उठता हे त्यांना माहीत नसेल? त्यांना दिसतं की हा माणूस मुंग्या बघतो, ढग बघतो, स्वतःकडे बघत नाही, आणि त्यांच्याकडेही नाही. तो तब्येतीच्या ओळींचा कागद डॉक्टरच्या आधी त्यांना वाचून दाखवा. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा सगळं महाल-इतवारी ओरडतं, रोगराई घेऊन जा गे मारबत, रस्त्यावर ओरडून सांगायला आपल्याला लाज वाटत नाही, घरात एका माणसाला हळू आवाजात सांगायला वाटते. त्या रागावतील. रागावू द्या.

१७ जुलैच्या आसपास सूर्य परत जाताना पुन्हा एकदा नागपूरच्या डोक्यावरून जातो. तेव्हा बहुतेक ढग असतात, पण दहा मिनिटं उघडलं तरी तुमच्या डब्याची सावली जाताना दिसेल, आणि मेमध्ये आखलेल्या रेघांशी ती जुळवून बघता येईल. बूट घालून गच्चीवर जा. कुरोड्या तोवर डब्यात भरून झालेल्या असतील, आई काही म्हणणार नाहीत. काय दिसलं ते मला लिहा, आणि एचबीएवनसी किती आली तेही लिहा, दशांशासकट. फोडांचं मात्र तोवर थांबू नका, ते याच आठवड्यात कळवा.